अलंकार आणि शृंखला

पितळेचे किंवा तांब्याचे, तोंड उघडे असलेले, घोड्याच्या नालाच्या घाटाचे एक कडे. पंधराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलेले पोर्तुगीज व्यापारी त्यास 'मनील्या' म्हणत. मुळात तो हातापायांत घालावयाचा दागिना. तेथील लोकांना तांब्या-पितळेची आवड आहे हे हेरून व्यापाऱ्यांनी त्याचेच चलन केले, आणि त्या चलनाने हस्तिदंत व मिरी विकत घेता घेता माणसेही विकत घेतली. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी दुआर्ते पाशेको पेरेरा या पोर्तुगीज दर्यावर्दीने जो वृत्तान्त लिहून ठेवला आहे, त्यानुसार बेनिनच्या बाजूला एका माणसाचे मोल डझन-पंधरा कड्यांच्या घरात होते. १५४८ साली जर्मनीतील फुगर या सावकारी घराण्याने पोर्तुगालच्या राजाला अशी कडी पुरविण्याचा करार केला. या कड्यांच्या धातूचे मूळ ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात सापडते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका धातुपरीक्षणाने दाखवून दिले. नायजेरियातील ब्रिटिश राजवटीने १९४८-४९ साली तीन कोटींहून अधिक कडी गोळा करून मोडीत काढली, तेव्हा कोठे हे चलन थांबले.

माणसाच्या विक्रीची किंमत दागिन्यात मोजली गेली, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कारण आता तीच किंमत पुन्हा दागिना होऊन गळ्यात येत आहे. युरोप, अमेरिका आणि कॅरिबियन बेटे येथील कारागीर मनील्याच्या घाटाची पदके, तुटलेल्या बेडीची कर्णभूषणे, कवड्यांचे हार घडवितात आणि गुलामगिरीच्या स्मृतिदिनी लोक ते अंगावर घालतात. मार्टिनिक आणि ग्वाडलूप या फ्रेंच बेटांवर तर कैद्याच्या साखळीचे नाव मिरविणारा सोन्याचा जाड हार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, आणि १८४८ सालच्या मुक्तीशी लोक त्याचे नाते जोडतात.

यावर दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा दुःखाचा बाजार आहे. लाखो माणसांच्या यातनांचे लॉकेट करणे ही विटंबना होय. स्मारक उभारावयाचे तर दगडाचे उभारा, दागिना ही नट्ट्यापट्ट्याची वस्तू. दुसरा पक्ष म्हणतो, आठवण ठेवणे हेच पुण्य. मग ती कशाने का ठेवली जाईना. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी चुकतात. ते दागिन्याचा घाट पाहतात. त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, दागिना हा गुलामगिरीचे खरेखुरे स्मारक होऊ शकतो, कधी कधी दगडाहूनही खरे. परंतु ज्याच्या अंगावर तो आहे त्याने त्यासाठी काही गमावले असेल तरच. अन्यथा तो शृंखलेचा नवा वेढा ठरतो.

पहिल्या पक्षाला प्रथम उत्तर देऊ. दागिना म्हणजे नटवेपणा, हा विचार ज्यांच्या अंगावर भरपूर सोने आहे अशा लोकांनाच सुचतो. ज्यांच्यापाशी काहीच उरले नव्हते, त्यांनी काय केले ते पाहावे. १९९१ साली न्यूयॉर्क शहरात एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन दासदासींची जुनी दफनभूमी उघडी पडली. तेथील एका प्रौढ स्त्रीच्या कमरेभोवती शंभराहून अधिक मण्यांची माळ सापडली. नाव गेले, भाषा गेली, मुलेबाळे विकली गेली असतील. परंतु माहेरच्या रीतीने कमरेला बांधलेली माळ तिच्या लोकांनी तिच्याबरोबर मातीत जाऊ दिली. तेथून वर काढलेले ४१९ जणांचे अवशेष २००३ साली सन्मानाने पुन्हा दफन करण्यात आले.

बार्बाडोस बेटावर न्यूटन नावाच्या ऊसमळ्यात १९७० च्या दशकाच्या आरंभी उत्खनन झाले. तेथील दासांच्या दफनभूमीत एका वृद्ध पुरुषाच्या गळ्यातील हार सापडला. तो कोणी वैदू किंवा जाणता असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या हारात कवड्या होत्या, कुत्र्याचे भोक पाडलेले सुळे होते, माशाच्या मणक्याची हाडे होती, युरोपातील काचमणी होते. आणि एक होता तांबूस अकीकाचा मणी. या मण्याचे मूळ अभ्यासकांनी आपल्या खंबायतेत मानले आहे. मळेवाल्याच्या हिशेबवहीत ज्या माणसाची किंमत पौंडांत लिहिली होती, त्याच्या माणसांनी त्याला आपल्याजवळची मोलाची वस्तू देऊन निरोप दिला. त्यांना तो मणी विकता आला असता. तो त्यांनी मातीत जाऊ दिला. याला नट्टापट्टा म्हणावयाचे असेल, तर बेथानीच्या त्या स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर ओतलेल्या सुगंधी तेलालाही नट्टापट्टाच म्हणावे लागेल. आणि त्या वेळी कुरकुर कोणी केली, हे वाचकांस ठाऊक आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. आठवणीसाठी घडविलेल्या आधुनिक दागिन्यांत सर्वांत प्रसिद्ध दागिना म्हणजे १७८७ साली जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभकाराने काढलेले मातीचे पदक. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या मंडळासाठी ते होते. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी आकृती: हातापायांत बेड्या, एक गुडघा टेकलेला, हात जोडलेले; आणि भोवती, आपण माणूस आणि भाऊ नाही का, असे विचारणारी अक्षरे. वेजवुडने ही पदके फुकट वाटली. १७८८ साली काही फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे धाडली. या चळवळीचा धुरीण थॉमस क्लार्कसन याने नमूद केले आहे की, पुरुषांनी ती तपकिरीच्या डब्यांवर सोन्यात जडविली आणि स्त्रियांनी कंकणांत व केसांच्या काट्यांत बसविली.

या पदकावर आजचे अनेक कृष्णवर्णीय विचारवंत रुष्ट आहेत, आणि त्यांचा रोष आम्हांस रास्त वाटतो. पदकातील माणूस सदैव गुडघ्यावर आहे. तो याचना करतो. दाता बाहेर आहे, पदक घालणारी व्यक्ती. बेडी घालणारा हात त्यात कोठेच दिसत नाही. ही कसली आठवण, की जिच्यात अपराध्याचा चेहराच नाही? अशी आठवण मनाला चटकन हलके करते, आणि चटकन हलके झालेले मन फार काळ हलत नाही. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द केली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना. गुडघे टेकलेल्या माणसाला छदामही मिळाला नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ साली मिटला, म्हणजे त्याचा भार मुक्त झालेल्यांच्या पणतू-खापरपणतूंनीही कराच्या रूपाने उचलला.

तरीही आम्ही ते पदक कचऱ्यात टाकण्यास तयार नाही. आणि त्याचे कारण पदकात नसून ते घालणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात आहे. १७९१-९२ च्या सुमारास इंग्लंडमधील असंख्य कुटुंबांनी गुलामांच्या श्रमाने पिकलेली वेस्ट इंडिजची साखर सोडली. क्लार्कसनच्या अंदाजाने ही माणसे तीन लाखांच्या घरात होती. इंग्रज माणसाला चहातील साखर सोडणे काय वाटले असेल, ते आम्ही सांगावयास नको. जिने हातात पदक घातले आणि चहाही गोड घेतला, तिचे पदक हा नुसता दागिना. जिने पदक घातले आणि साखर सोडली, तिच्या हातातील तेच पदक साक्ष झाले. घाट एकच, माती एकच, मूस एकच. फरक किमतीचा.

हीच कसोटी आम्हा ख्रिस्ती जनांच्या गळ्यातील वस्तूला लावून पाहू. क्रूस ही काय वस्तू होती? रोमन साम्राज्यात क्रूसावर खिळणे ही मुख्यतः गुलामांची शिक्षा होती. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रूसांवर टांगण्यात आले. प्रभूने दासाचे रूप धारण केले असे संत पौल फिलिप्पैकरांस लिहितो, तेव्हा ती केवळ अलंकारिक भाषा नव्हे. प्रभूला मरणही दासाचेच आले. म्हणजे गुलामाच्या वधस्तंभाचे लॉकेट करून ते गळ्यात घालण्याचा प्रघात आमचाच, आणि तो फार जुना. दुःखाचे दागिने करू नका असे आफ्रिकन वंशाच्या माणसांना सांगण्याआधी आम्ही आपल्या गळ्यावरून हात फिरवावा.

परंतु येथेही घाट एक आणि किंमत निराळी. चौथ्या-पाचव्या शतकांतील गुलामांच्या गळ्यात अडकविलेली काही धातूची कडी आज उपलब्ध आहेत. पळून गेलेल्या गुलामाला धरा आणि मालकाकडे परत आणा, अशी अक्षरे त्यांवर कोरलेली आहेत. त्यांतील कित्येकांवर ख्रिस्ताची चिन्हे आहेत. सार्डिनिया बेटावर सापडलेल्या एका कड्यावरील मजकूर सांगतो की, हा गुलाम आर्चडीकन फेलिक्स यांचा आहे, त्याला पळू देऊ नका. आर्चडीकन, म्हणजे ख्रिस्तसभेचा अधिकारी. आमच्याच पंक्तीतील माणूस! त्याने क्रूसावर मेलेल्या प्रभूची सेवा केली आणि दुसऱ्याच्या गळ्यात कडे अडकविले.

त्याच सुमाराचा दुसरा गळा पाहा. आशिया मायनरमधील संत मॅक्रिना ३७९ साली निवर्तल्या. त्यांचे बंधू, नीसाचे संत ग्रेगरी यांनी लिहिलेल्या चरित्रात अंत्यविधीची हकिगत आहे. दफनासाठी अंगावर चढवावे असे एकही मूल्यवान वस्त्र वा दागिना त्या धनवान घराण्यातील स्त्रीपाशी निघाला नाही. गळ्यात दोरीला ओवलेला लोखंडाचा एक क्रूस आणि लोखंडाची एक अंगठी, एवढेच सापडले. मॅक्रिनांनी आपल्या आईला राजी करून घरातील दासींना दासी म्हणून वागविणे सोडले होते. सर्वजणी एका पंक्तीला जेवत, एकसारख्या खाटांवर निजत. बंधू ग्रेगरी यांनी तर उपदेशकावरील आपल्या प्रवचनात, देवाच्या प्रतिमेची किंमत कोण ठरविणार, असा प्रश्न उभा करून गुलाम बाळगण्यावरच कोरडे ओढले. प्राचीन जगात इतक्या स्पष्टपणे ते कोणी क्वचितच केले असेल. फेलिक्सच्या गुलामाचे कडे धातूचे, मॅक्रिनांचा क्रूसही धातूचा. एकाने दुसऱ्याला किंमत मोजावयास लावली. दुसरीने ती स्वतः मोजली.

यानंतरच्या शतकांत ख्रिस्ती जगाने फेलिक्सचाच मार्ग अधिक चोखाळला, हे लपवून काय उपयोग? १७५६ साली लंडनमधील एका सोनाराने वृत्तपत्रात जाहिरात दिली होती की, कृष्णवर्णीयांसाठी किंवा कुत्र्यांसाठी चांदीची कुलुपे व गळपट्टे आमच्याकडे मिळतील. माणूस आणि कुत्रा एकाच ओळीत, आणि धातू चांदी! चांदीच्या गळपट्ट्याने गुलाम सजला असे मालकास वाटत असेल. सजला तो मालक.

याउलट ब्राझीलमधील बाहिया प्रांतातील आपल्या कॅथॉलिक भगिनींची गोष्ट आहे. तेथे धनी आपली श्रीमंती दाखविण्यासाठी दासींना सोन्याने मढवीत. आणि कृष्णवर्णीय स्त्रिया स्वतःच्या कमाईने सोने घालू लागल्या तेव्हा पोर्तुगीज राजसत्तेला ते खुपले. १७४९ च्या फर्मानात त्यांना रेशीम व सोने वर्ज्य करणारे कलम आले. फेरीवर चीजवस्तू विकून पैसा जोडणाऱ्या या स्त्रियांसाठी सोन्याचे मणी व साखळ्या म्हणजे अंगावर बाळगलेली शिल्लक होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साल्वादोर येथे त्यांनी पवित्र मरियेच्या सुखमरणाच्या नावाने एक भगिनीसंघ स्थापला. पुढे तो काशोएरा या गावी गेला. वर्गणी जमवावी, दान मागावे आणि त्या पैशातून दासांची सुटका विकत घ्यावी, हे या संघाचे एक प्रमुख कार्य. ब्राझीलमध्ये १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द झाली. संघ मात्र आजही आहे. दर वर्षी ऑगस्टच्या मध्याला, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, या वृद्ध स्त्रिया सोन्याचे जाड हार घालून मिरवणुकीने निघतात. हे सोने पाहून कोणाची जीभ 'नट्टापट्टा' हा शब्द उच्चारू धजेल? ज्या हातांनी सोन्याचे माणूस केले, त्या हातांना सोने शोभते. मनील्याने माणसाचा दागिना केला होता. या भगिनींनी दागिन्याचा माणूस केला.

आमचे काही सुशिक्षित बांधव येथे विचारतील, हे आफ्रिकेचे, ब्राझीलचे. आमचा संबंध काय? त्यांनी जुन्या गोव्याचा सरळ रस्ता, ज्याला पोर्तुगीज रूआ दिरेइता म्हणत, तो आठवावा. गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी १५८३ ते १५८८ या काळात लिखापढीसाठी यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन नावाचा एक डच तरुण होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने या रस्त्यावरील लिलावाचे वर्णन केले आहे. सण-रविवार वगळता रोज सकाळी हा लिलाव भरे. पुकारा करणारे नगराचे दलाल गळ्यात, अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या, रत्ने लटकावून फिरत; आणि त्यांच्याभोवती विक्रीसाठी आणलेले दासदासी, तरुण नि म्हातारे, फिरत असत. त्याच लिलावात दागिने विकले जात आणि त्याच लिलावात माणसे. सण-रविवारी लिलाव बंद असे, कारण सर्व मंडळी मिस्साला जात!

१५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने कोणत्या कारणांनी माणसाला न्याय्यपणे गुलाम करता येते याचे नियम बसविले. गुलामगिरी मात्र बंद केली नाही. आफ्रिकेतील मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्यातूनच शासिले जात होते, आणि आमची वसई १५३४ ते १७३९ त्याच राजवटीखाली होती. तेव्हाच्या मंदिरांचे, उत्सवांचे, आडनावांचे वैभव आम्ही कौतुकाने सांगतो. वैभवाचा वारसा घ्यावयाचा आणि लिलावाचा नाकारावयाचा, असा वारसा कोणत्या कायद्याने मिळतो?

ख्रिस्तसभेने तरी तो नाकारलेला नाही. १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना कायमचे दास करण्याची मुभा दिली होती. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना दास करण्याचा निषेध केला. तरी अमेरिकेतील मेरीलँडच्या जेजुइटांनी १८३८ साली २७२ स्त्रीपुरुष-मुले विकली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ च्या फेब्रुवारीत सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजांत चढविले जात, तेथे उभे राहून या पापाबद्दल क्षमा मागितली. पोपमहाशय जे मोठ्याने बोलले, ते आमच्या ओठांवर येऊ नये?

आणि जुन्या काळाचेच कशाला? आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द कालपरवापर्यंत जिवंत होता. वारली तरुणाने लग्नखर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढावे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर त्याच्या घरी राबावे, असा तो व्यवहार. लग्नाचा चार मण्यांचा दागिना हीच त्यांची मनील्या! गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वारल्यांनी उठाव करून ही प्रथा मोडीत काढली. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली आला; त्यानंतरही विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना याच जिल्ह्यात वेठबिगारांची सुटका करीत फिरावे लागले. आगाऊ रकमेच्या, म्हणजे बयाण्याच्या फासात अडकून वीटभट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याने गुलामगिरी संपली असे म्हणू नये.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्याला तुटलेल्या साखळीचे पदक घालावयाचे असेल त्याने अवश्य घालावे. आम्ही हसणार नाही आणि नाकही मुरडणार नाही. परंतु ते ज्या किमतीला घेतले, निदान तेवढी किंमत कोणाच्या तरी बयाण्याची गाठ सोडविण्यासाठी द्यावी. पदक पाहून कोणी विचारले तर बेडी कोणाच्या पायात होती एवढेच सांगून थांबू नये. ती कोणी घातली, तेही सांगावे. अमेरिकेतील चार्ल्सटन शहरात भाड्याने दिल्या जाणाऱ्या गुलामांना तांब्याचे क्रमांकित बिल्ले बाळगावे लागत. आज संग्राहक त्यांसाठी हजारो डॉलर मोजतात, इतके की बनावट बिल्लेही बाजारात आले. किंमत मोजली जाते. ती जाते विक्रेत्याकडे. असल्या आठवणीपेक्षा विस्मरण अधिक प्रामाणिक.

आमच्या विवाहांत अंगावर किती तोळे चढले याची चर्चा मंडपात होते. ते कशाने आले याची होत नाही. सुदानमध्ये लहानपणी पळवून विकली गेलेली आणि पुढे धर्मभगिनी झालेली संत जोसेफीन बखिता यांचा सण ८ फेब्रुवारीस येतो. २०१५ पासून तो दिवस मानवी व्यापाराविरुद्धच्या प्रार्थनेचा दिवस म्हणून ख्रिस्तसभेत पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामाने प्रार्थनेबरोबर दानपेटीही ठेवावी, आणि तीत नाण्यांऐवजी एखादी अंगठी, एखादे कानातले पडावे. गळ्यातील क्रूस काढून ठेवण्याची गरज नाही. तो गुलामाच्या मरणाचा दागिना आहे, एवढे ओळखून उरलेल्या सोन्याचा हिशेब मात्र प्रत्येकाने त्याच्यासमोर मांडावा.